निरंक

डिस्चार्ज बुकाच्या आठव्या पानावर
पदकांचा रकाना आहे.
त्यात कुणीतरी पट्टी लावून
एक तिरपी रेघ मारलीय.
आमच्या पतसंस्थेत अशा रेघेला निरंक म्हणतात.
मी रोज दहा-बारा मारते.
हात दुखत नाही.

एकाहत्तरला तुम्ही होता ना, मी विचारलं.
बाबा शेंगा सोलत होते.
होतो की, म्हणाले,
आणि पुढची शेंग घेतली.

मग अर्ज. खडकीला, अभिलेख कार्यालयात.
विषय : सेवा अभिलेखात दुरुस्ती होणेबाबत.
अर्जदार नाईक लहानू विठू कोंढाळकर,
जे त्यांच्या फायलीत लानू बिट्टू आहेत,
कारण भरतीच्या दिवशी लिहून घेणाऱ्याच्या कानाला
वेल्ह्याकडची बोली नवीन होती.
म्हणून आधी नावाची दुरुस्ती.
मग कळलं, त्या हिवाळ्यात ते
दुसऱ्या कंपनीला जोडलेले होते.
तिला वाटलं ही नोंद करेल,
हिला वाटलं ती.
पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही.
युद्ध झालं,
कागद झाला नाही.

दर नोव्हेंबरात बाबा अंगठा टेकवून
हयात असल्याचं सिद्ध करतात.
दोन मिनिटं लागतात.
त्या एका डिसेंबरात ते तिथे होते
हे सिद्ध करायला अडीच वर्षं.

खिडकीपुढे फरशीवर पिवळी पट्टी.
बाबा तिच्या अलीकडे चपला जुळवून उभे.
मागचा माणूस रेटतो,
बाबा पट्टी ओलांडत नाहीत.
सुरुंगांमधून काढलेल्या वाटेला
दोन्ही कडांनी पांढरी फीत असायची,
एवढंच एकदा बोलले होते,
तेही मला नाही, मोगऱ्याला,
जुन्या चमच्याने कुंडीतली माती
तिरपी टोचत, हळू,
कुठे काही लागतंय का बघत.

खिडकीतला सुभेदार साक्षीदार मागतो.
तुमच्या बरोबरचं कोणी?
बाबा डाव्या कानामागे हात धरतात.
(तो कान तिकडेच राहिला. त्याचीही नोंद नाही.)
मी ओरडून सांगते,
बाबा, बरोबरचं कोणी आहे का?
बराच वेळ जातो. मागची रांग खोकते.
मग म्हणतात,
"बरोबरचे पुढे होते."

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.
बिनबर्फाचा, एकात दोन.

शेवटी कुठल्यातरी जुन्या वहीत
त्यांचं नाव सापडलं, लानू म्हणूनच,
आणि फायलीची नक्कल हातात आली.
मागच्या पानावर लाल शाई :
रजेवरून चार दिवस उशिरा हजर.
सात दिवसांची शिक्षा. खाली सही, शिक्का, सगळं.
तारीख वाचली. पुन्हा वाचली.
त्या चार दिवसांतल्या पहिल्या दिवशी
ससूनमध्ये माझा जन्म.
जे खातं सबंध लढाई विसरलं
त्याला हे चार दिवस पाठ होते.

सुभेदार चांगला माणूस. म्हणाला,
मॅडम, हेही काढायचं असेल तर वेगळा अर्ज द्या,
ओघात होऊन जाईल.
हे मात्र बाबांना पहिल्या खेपेला ऐकू आलं.
"ते नको," म्हणाले,
"ते बरोबर लिहिलंय."

मार्चात पत्र आलं. दोन पदकं मंजूर.
साठा नाही, तूर्त बाजारातून घ्यावीत.

खडकी बाजारात एक शिंपी आहे,
बटणं, फिती, बिल्ले, पदकं, सगळं ठेवतो.
कडेला नाव कोरू का, त्याने विचारलं.
मी एकेक अक्षर सांगू लागले. ल. हा. नू.
बाबांनी पदक उजव्या तळव्यावर घेतलं,
डाव्यावर घेतलं,
केवढ्याला म्हणाले.
साडेचारशे.

"फार सांगतोस," म्हणाले बाबा,
आणि स्टूल ओढून
घासाघीस करायला बसले.